वल्ह्याच्या उंचीवरून सूनिअन

पॉसेनिअस या प्रवाशाने इ. स.च्या दुसऱ्या शतकात लिहिलेला ग्रीसच्या वर्णनाचा दहा भागांचा ग्रंथ सूनिअनच्या भूशिरापासून सुरू होतो. अथेन्सच्या आग्नेयेला, साधारण सत्तर किलोमीटरवर, अ‍ॅटिका प्रांताची जमीन जिथे समुद्रात घुसून संपते ते हे टोक. पॉसेनिअस सांगतो, की इथे एक बंदर आहे आणि माथ्यावर अथीना देवीचे देऊळ आहे. पुढे गेले की लॉरिअन लागते, जिथे एके काळी अथेन्सकरांच्या चांदीच्या खाणी होत्या. शिवाय पॅट्रोक्लसचे एक छोटे निर्जन बेट आहे. एवढे सांगून तो अथेन्सच्या बंदराकडे वळतो.

यातली देवळाची माहिती चुकीची आहे. माथ्यावरचे देऊळ अथीनाचे नाही, समुद्राचा देव पोसायडन याचे आहे. अथीनाचे देऊळ त्याच्या उत्तरेला, थोड्या अंतरावरच्या ठेंगण्या टेकडीवर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुरातत्त्वज्ञ व्हॅलेरिऑस स्ताइस यांनी इथे उत्खनन केले, त्यात सापडलेल्या शिलालेखाने हा प्रश्न मिटला. (अँटिकिथेराच्या बुडालेल्या जहाजातून आलेल्या गंजक्या गोळ्यात दातेरी चाक असल्याचे १९०२ साली ओळखणारे ते हेच स्ताइस.) पॉसेनिअसची चूक कशी झाली असावी, यावर अभ्यासकांचा एक तर्क असा, की तो वर चढलाच नसावा, जहाज टोकाला वळसा घालत असताना त्याने देऊळ खालून पाहिले आणि वाट धरली.

हा तर्क मला पटतो, कारण सूनिअन मुळात समुद्रावरून पाहण्यासाठीच रचलेले आहे. एजियन समुद्रातून अथेन्सकडे येणाऱ्या खलाशाला अ‍ॅटिकाची पहिली खूण हीच दिसे, आणि बाहेर पडणाऱ्याला शेवटचीही हीच. आज मात्र जवळजवळ प्रत्येक जण इथे मागच्या दाराने, म्हणजे रस्त्याने येतो. अथेन्सहून बस निघतात, लोक खांबांपाशी उभे राहून सूर्यास्त पाहतात आणि परततात. पण देवळाच्या पश्चिमेच्या खाडीतून संध्याकाळी कयाक सुटतात. वाटाड्याबरोबर दोन-अडीच तास वल्हवत भूशिराच्या कड्याखालून जायचे आणि मावळतीला परतायचे, असा हा कार्यक्रम. गेल्या सप्टेंबरात मी तो केला. सूनिअनबद्दल वाचलेल्या गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध मला त्या नावेत बसल्यावर जास्त स्पष्ट दिसला, म्हणून हा लेख.

पाण्याच्या पातळीवर

कयाक म्हणजे अरुंद, लांबट, हलकी नाव. तिच्यात पाय पसरून बसायचे. कंबर जवळजवळ पाण्याच्या पातळीला येते आणि हातात दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे असते. आमच्या चार नावा होत्या आणि प्रत्येकीत दोघे. वाटाडी तिशीतली ग्रीक मुलगी, वेगळ्या नावेत, कधी पुढे तर कधी मागे. निघण्याआधी तिने वाऱ्याची चौकशी केली. जुलै-ऑगस्टमध्ये इथे उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. तो असला की टोकाला वळसा घालायचा नाही, असा तिचा नियम. सूनिअनची ही ख्याती फार जुनी आहे. होमरच्या 'ओडिसी'त, ट्रॉयहून परतणाऱ्या मेनेलॉसचा सुकाणूधारी फ्रॉन्टिस वादळात नाव हाकण्यात सगळ्यांत कुशल होता, तो नेमका या पवित्र भूशिरापाशी सुकाणू हातात असतानाच मरतो, आणि त्याचे अंत्यविधी करण्यासाठी प्रवास थांबवावा लागतो. सूनिअनचा साहित्यातला हा सर्वांत जुना उल्लेख.

किनारा सोडला आणि देऊळ दिसू लागले. समुद्रापासून सुमारे साठ मीटर उंचीवर, आकाशाला टेकलेली पांढऱ्या खांबांची ओळ. मूळचे खांब चौतीस होते, त्यांतले निम्म्याहून कमी उभे आहेत. पार्थेनॉनचा संगमरवर पेन्टेलिक डोंगरातला. त्यात लोहाचा अंश असल्याने शतकांनंतर त्यावर मधासारखी झाक आली. सूनिअनचा दगड जवळच्या आग्रिलेझा खोऱ्यातला. त्यात लोह जवळपास नाही, म्हणून तो अडीच हजार वर्षांनीही पांढराच आहे. नेहमीच्या डोरिक खांबाला उभ्या वीस पन्हळ्या असतात, इथल्या खांबांना सोळाच आहेत. खारा वारा पन्हळींच्या नाजूक कडा झिजवतो, म्हणून त्या कमी आणि रुंद ठेवल्या असाव्यात असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

जसजसे कड्याजवळ गेलो, तसतसे देऊळ मागे सरकत गेले आणि अगदी खाली पोचल्यावर पार दिसेनासे झाले. आता वर होता फक्त खडक, आणि त्यावर जुन्या तटबंदीचे दगड. देऊळ पाहायचे तर पुन्हा आत समुद्रात जावे लागते. दर्शन दुरून येणाऱ्यासाठी आहे. पायथ्याशी उभ्या असलेल्याला तट दिसतो.

तटाच्या कोपऱ्याखाली, छोट्याशा वाकणात, वाटाडीने सगळ्यांना थांबवले. तिथे खडकात पाण्याकडे उतरणारे दोन लांबट चर कोरलेले आहेत. वरून पाहणाऱ्याचे त्यांच्याकडे लक्ष जाणार नाही. हे नौकाघरांचे उतार. पहाऱ्याच्या नावा पाण्यातून ओढून इथे कोरड्यावर ठेवत, वर छप्पर असे. लाकूड सतत भिजले की नाव जड होते आणि समुद्रातले किडे ते पोखरतात, म्हणून प्राचीन युद्धनावा शक्यतो कोरड्या ठेवत. पिराइअस या अथेन्सच्या मुख्य बंदरातल्या उतारांपेक्षा हे अरुंद आहेत, तेव्हा इथल्या नावाही लहान असणार. खाली नौकाघर, त्यावर तट आणि तटाच्या आत देऊळ अशी ही रचना आहे. या तिन्हींचा खर्च ज्यातून निघाला ती गोष्ट मात्र समुद्रावरून दिसत नाही. ती टेकड्यांच्या पलीकडे, जमिनीच्या पोटात आहे.

दहा द्राख्मांचा प्रश्न

इ. स. पू. ४८३च्या सुमारास लॉरिअनच्या खाणीत चांदीची नवी समृद्ध शीर लागली. सरकारी खजिन्यात एकदम मोठी रक्कम आली. ती सगळ्या नागरिकांत माणशी दहा द्राख्मा अशी वाटून टाकावी, असे ठरत होते. थेमिस्टोक्लीजने ते थांबवले आणि त्या पैशातून युद्धनौका बांधायला लोकांना राजी केले. हिरॉडोटस दोनशे जहाजांचा आकडा देतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात तपशील थोडा वेगळा आहे : रक्कम शंभर टॅलेंट, ती शंभर धनिकांना एकेक टॅलेंटप्रमाणे दिली आणि प्रत्येकाने एक जहाज बांधले. म्हणजे एक टॅलेंट म्हणजे ढोबळमानाने एक जहाज. हा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

तीन वर्षांनी, ४८० साली, पर्शियाच्या झर्क्सीसची स्वारी आली. अथेन्स जळाले, सूनिअनवर पोसायडनचे जुने देऊळ उभे राहत होते तेही पर्शियनांनी पाडले. पण सॅलमिसच्या सामुद्रधुनीत या चांदीच्या जहाजांनी पर्शियन आरमार मोडले. विजयानंतर ग्रीकांनी पकडलेल्या फिनिशियन युद्धनौकांपैकी तीन देवांना अर्पण केल्या आणि त्यांतली एक सूनिअनला ठेवली. आज दिसणारे देऊळ त्यानंतरचे, पेरिक्लीजच्या काळात, इ. स. पू. ४४०च्या आसपास बांधलेले.

ही जहाजे होती ट्रायरीम. एका जहाजावर दोनशे माणसे, त्यांतले एकशे सत्तर वल्हेकरी, एकावर एक अशा तीन रांगांत, प्रत्येकाच्या हातात एक वल्हे. तळाच्या रांगेतला माणूस पाण्यापासून हातभर उंचीवर, अंधारात, वरच्याचा घाम अंगावर झेलत बसे. दोनशे जहाजे म्हणजे चौतीस हजार वल्हेकरी. कयाकमध्ये अर्ध्या तासातच आमचे खांदे भरून आले आणि दोघांची वल्ही एकमेकांवर आपटू लागली, तेव्हा एकशे सत्तर वल्ही एका तालात पाण्यात घालणे म्हणजे काय, याची पुसटशी कल्पना आली. ते कसब होते आणि त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागे.

चित्रपटांमुळे आपल्या डोळ्यांपुढे साखळदंडाने बांधलेला, चाबूक खाणारा वल्हेकरी येतो. अथेन्सच्या बाबतीत हे चित्र बहुतांशी खोटे आहे. तिथला वल्हेकरी बव्हंशी गरीब पण स्वतंत्र नागरिक किंवा भाडोत्री परदेशी होता. त्याला रोज मिळे, काही काळ तर दिवसाला एक द्राख्मा. जमीन नसलेला, घोडा नसलेला, चिलखत परवडत नसलेला हा वर्ग युद्धात पूर्वी कुणाच्या खिजगणतीत नव्हता. आता साम्राज्य त्याच्या खांद्यांवर चालू लागले. पाचव्या शतकातला एक निनावी लेखक, ज्याला अभ्यासक 'म्हातारा उमराव' म्हणतात, लोकशाहीचा कट्टर द्वेष्टा होता. पण तोही कबूल करतो, की अथेन्समध्ये गरिबांना श्रीमंतांपेक्षा जास्त वाटा मिळतो ते रास्तच आहे. कारण जहाजे तेच चालवतात आणि शहराला बळ तेच देतात. वल्हे आणि मत यांचा संबंध इतक्या स्वच्छपणे शत्रूच्या तोंडून क्वचितच आला असेल.

इथवरची गोष्ट आपल्याला आवडणारी आहे. चांदी निघाली, लोकांनी दहा द्राख्मांचा मोह सोडला, जहाजे बांधली, स्वातंत्र्य राखले आणि ज्यांनी वल्ही मारली त्यांना सभेत आवाज मिळाला. मात्र या हिशेबातला पहिला आकडा कुणी मिळवला, हा प्रश्न उरतो.

टेकड्यांच्या पलीकडे

दुसऱ्या दिवशी मी आग्रिलेझा आणि शेजारच्या खोऱ्यांत चालत गेलो. खुरटे पाइन, लाल माती, आणि अधूनमधून जमिनीत चौकोनी विहिरीसारखी तोंडे, आता कुंपण घातलेली. हे खाणींचे उभे बोगदे. काही शंभर मीटरहून खोल. आतल्या आडव्या गल्ल्या अनेक ठिकाणी मीटरभरही उंच नाहीत. तिथे गुडघ्यांवर किंवा पोटावर सरकत, छिन्नी-हातोड्याने, तेलाच्या दिव्याच्या उजेडात काम चाले. खनिज शिशाचे, त्यात चांदीचा किंचित अंश. ते वर आणून कुटायचे, दळायचे आणि पाण्याच्या धारेखाली धुऊन जड कण वेगळे करायचे. या धुलाईसाठी बांधलेले फरसबंद ओटे, पाट आणि हौद अजून चांगल्या स्थितीत आहेत. प्रदेश कोरडा, म्हणून पावसाचे पाणी साठवायला प्रचंड टाकी आणि तेच पाणी फिरवून पुन्हा वापरायची सोय. मग भट्टी : शिसे वितळवायचे, हवेच्या झोताने जाळून काढायचे आणि तळाशी उरलेली चांदी उचलायची. शिशाची वाफ कुणाच्या छातीत जात होती, हे सांगायला नको. देवळाचे पांढरेशुभ्र खांब याच खोऱ्यातून निघाले.

या चांदीचे नाणे म्हणजे अथेन्सचे प्रसिद्ध घुबड. ॲरिस्टोफनीजच्या 'पक्षी' या नाटकात लॉरिअनची घुबडे तुमच्या पिशव्यांत घरटी करतील, अशी थट्टा आहे. ती फार दूर उडाली. १९३३ साली काबूलमध्ये सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यात अथेन्सची घुबडे होती. पुढे ग्रीक राजांच्या मागोमाग 'द्राख्मा' हा शब्दही आपल्याकडे आला, संस्कृतात 'द्रम्म' झाला, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्मांची देणगी आणि दंड म्हणून नोंद झाली, आणि मराठीत तो 'दाम' होऊन बसला. आपण 'दाम मोजले' म्हणतो तेव्हा या खाणींच्या भाषेतला शब्द उच्चारत असतो.

खाणीत काम करणारे बहुतेक सगळे गुलाम होते. त्यांचा हिशेब झेनोफनने इ. स. पू. चौथ्या शतकाच्या मध्यास लिहून ठेवला आहे. सेनापती निकिअस याच्या मालकीचे एक हजार गुलाम खाणीत होते. ते त्याने थ्रेसच्या सोसिअस नावाच्या माणसाला भाड्याने दिले होते. अट अशी, की दर गुलामामागे दिवसाला एक ओबोल निव्वळ मिळावा आणि गुलामांची संख्या कायम राखावी. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, सहा हजार द्राख्मांचा एक टॅलेंट. वर्षाचे तीनशे साठ दिवस धरले, तर निकिअसची कमाई दहा टॅलेंट. जहाजाचा मघाचा हिशेब आठवला, तर दरसाल दहा ट्रायरीम. पण मला या करारातली दुसरी अट अधिक बोलकी वाटते. संख्या कायम राखायची, म्हणजे मेलेल्याच्या जागी दुसरा आणायचा. मृत्यूचा दर भाडेपट्टीत आधीच धरलेला होता. झेनोफन हे तक्रार म्हणून सांगत नाही. राज्यानेही गुलाम विकत घेऊन असाच धंदा करावा, दर नागरिकामागे तीन गुलाम होईपर्यंत, असा त्याचा प्रस्ताव आहे.

निकिअसचा शेवट इतिहासाला माहीत आहे. ४१३ साली सिसिलीत, सिराक्यूजपुढे, त्याच्या नेतृत्वाखालचे अथेन्सचे सैन्य आणि आरमार नष्ट झाले. त्याला ठार केले गेले. सात हजारांहून कमी नसलेले कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले. वर ऊन, रात्री गारठा, प्रेते एकावर एक, आणि माणशी दिवसाला पेलाभर पाणी व दोन पेले धान्य. थ्युसिडिडीजने हे वर्णन करताना आवाज कुठेही चढवलेला नाही. त्या कैद्यांत अथेन्सच्या जहाजांवरचे कित्येक वल्हेकरी असणार. चांदीच्या खाणीवर उभे राहिलेले आरमार दगडाच्या खाणीत संपले, हा योगायोग त्या काळच्या कुणी नोंदवलेला मला आढळलेला नाही.

तट कुणासाठी

त्याच ४१३ साली स्पार्टाच्या सैन्याने अ‍ॅटिकात डेकेलिया येथे कायमचे ठाणे मांडले आणि वीस हजारांहून अधिक गुलाम अथेन्सकरांना सोडून पळाले. त्यांत बहुसंख्य कसबी कारागीर होते, असे थ्युसिडिडीज म्हणतो. यात लॉरिअनचे पुष्कळ असावेत, असे अभ्यासक मानतात. पुढच्या वर्षी अथेन्सकरांनी सूनिअनला तटबंदी केली. कारणही नोंदलेले आहे : धान्याची जहाजे भूशिराला सुरक्षित वळसा घालू शकावीत. आमची कयाक ज्या दगडांखालून गेली, त्या तटाचा आरंभ हा.

टोकाला वळसा घातला तेव्हा वारा एकदम अंगावर आला. पूर्वेला समोर माक्रोनिसॉस हे लांबलचक उघडेबोडके बेट दिसू लागले. १९४७ पासून पुढची काही वर्षे ग्रीक यादवीतल्या राजकीय कैद्यांना तिथे ठेवत. त्यांच्याकडून सक्तीची कामे करून घेत, त्यांत पार्थेनॉनच्या लहान प्रतिकृती बांधवून घेणेही होते. वाटाडीने बेटाकडे वल्हे दाखवले आणि एवढेच सांगितले. मग आम्ही नावा फिरवल्या. सूर्य सॅरोनिक आखातावर टेकला होता. खांब काळे झाले, वर देवळापाशी जमलेल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांचा आवाज पाण्यावर स्पष्ट आला. तटाच्या दगडांवर शेवटचा उजेड थोडा वेळ राहिला.

त्या तटाची आणखी एक गोष्ट आहे, ती पर्यटकांच्या पुस्तिकेत सहसा नसते. इ. स. पू. १००च्या आसपास, सिसिलीत गुलामांचे दुसरे बंड चालू असताना, लॉरिअनच्या खाणीतल्या गुलामांनी उठाव केला. पहारेकऱ्यांना मारले, सूनिअनचा किल्ला ताब्यात घेतला आणि बराच काळ अ‍ॅटिका लुटत राहिले. धान्याच्या जहाजांसाठी बांधलेला तट, पोसायडनचे देऊळ, खालची बंदरे, सगळे त्यांच्या हाती होते. ज्यांच्या चांदीवर हे उभे राहिले त्यांच्याच वंशाने नव्हे, पण त्यांच्याच जागी आणलेल्या माणसांनी ते घेतले. ही घटना आपल्याला कशी कळते? अथेनिअस नावाच्या लेखकाने तीनशे वर्षांनी लिहिलेल्या, मेजवानीतल्या गप्पांच्या एका अवाढव्य ग्रंथात, गुलामांच्या संख्येवर चर्चा निघते, तिथे तो पोसिडोनिअस या जुन्या इतिहासकाराच्या हवाल्याने ही माहिती देतो. ती दोन-तीन वाक्यांची आहे. नेत्याचे नाव नाही. सॅलमिसचे वल्हेकरी आणि सूनिअनचे बंडखोर यांच्यात हा मोठा फरक : पहिल्यांना सभेत जागा मिळाली म्हणून इतिहासातही मिळाली, दुसऱ्यांना जेवणाच्या गप्पांत.

तरी खाणीच्या प्रदेशातून दोन नावे दगडावर उरली आहेत. एक क्झान्थस. तो रोमन काळातला, आशिया मायनरच्या लिशिया प्रांताचा, गेयस ऑर्बिअस याचा गुलाम. चंद्रदेव मेन याने कौल दिला असे मानून त्याने इथे त्या देवाचे ठाणे स्थापले आणि त्याचे नियम दगडावर कोरले : लसूण आणि डुकराचे मांस खाऊन येऊ नये, आंघोळ करून यावे, स्थापकाच्या गैरहजेरीत कुणी यज्ञ करू नये. ग्रीक जेमतेम, शुद्धलेखन चुकलेले. परंतु त्या ठाण्यात कुणी कधी यावे, हे ठरवायचा अधिकार त्या गुलामाने स्वतःकडे ठेवला.

दुसरे नाव आतोतास. त्याची समाधिशिला चौथ्या शतकातली. तिच्यावर त्याचा धंदा 'खाणकरी' असा लिहिला आहे. पुढे, काळ्या समुद्रावरच्या पॅफ्लागोनियाचा आपण, मायभूमीपासून लांब देहाचे कष्ट संपवले, कसबात आपली बरोबरी करणारा कुणी नव्हता, असे तो सांगतो. आणि आपले मूळ थेट होमरच्या महाकाव्यातल्या पायलेमेनीज राजापर्यंत नेतो. तो गुलाम होता की मुक्त, यावर वाद आहे. पायलेमेनीजचा वंश खरा असण्याची शक्यता फारच कमी. पण निकिअसच्या करारात ज्यांचा केवळ आकडा आहे, त्यांच्यातल्या एकाने स्वतःबद्दल जे लिहून ठेवावेसे वाटले ते हे : माझे गाव कुठले, माझे पूर्वज कोण, आणि माझ्या हाताला काय येत होते.